बिबिक ग्वातचा कान

मलाक्क्याच्या तेंगकेरा रस्त्यावर कुणाच्या मुलाचं लग्न जमवायचं झालं, की घराणं नंतर, पत्रिका नंतर, आधी बिबिक ग्वात नियोला बोलावणं जायचं. मुलगी बघायला नव्हे, ऐकायला.

मुलीला बाहेर आणून बसवायची पद्धत आम्हा न्योन्यांमध्ये, मलाक्क्याच्या जुन्या चिनी घरांतल्या बायकांमध्ये, नव्हतीच. मुलाकडच्या बायका दिवाणखान्यात खजुराचा चहा पीत बसायच्या आणि मुलगी मागे स्वयंपाकघरात दगडी खलात रंपा कुटत असायची. आल्यासारखं पण चिवट लंकुआस, गवती चहा, ओली हळद, भिजवलेल्या मिरच्या, बारके कांदे आणि शेवटी बलाचानची, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची, भाजलेली वडी, असा तो ओला मसाला. प्रत्येक घरचा वेगळा, आणि प्रत्येक घराच्या मते बाकीच्यांचा बिघडलेला. कुटण्याच्या आवाजावरून मुलीचा हात कळतो, हातावरून स्वभाव कळतो आणि स्वभावावरून सासूचं म्हातारपण कसं जाणार ते कळतं, असं सगळ्या बायका धरून चालत. मुलग्याचा स्वभाव कशावरून कळतो, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

बिबिक ग्वात खुर्चीत ताठ बसायची. कबायाच्या तीन सोन्याच्या पिना नीट करायची, विडा एका गालात सारायची आणि डोळे मिटायची. मग बाकीच्या बायकांचे पंखेसुद्धा थांबायचे.

"लंकुआस बारीक व्हायच्या आधीच हळद टाकली," ती डोळे न उघडता म्हणायची. कुणीतरी उठून मागे डोकावून यायचं, आणि खरंच तसं असायचं.

त्यानंतर तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकीचा हात रुसका आहे, जन्मभर तोंड फुगवून बसेल. दुसरीच्या घावात राग आहे, आज मिरची कुटते, उद्या सासू कुटेल. तिसरी मध्येच थांबते, म्हणजे मनात कुणीतरी आहे. या तिसरीला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि ती नाक पुसायला थांबत होती, हे नंतर कळलं. पण तोवर तिचं जोहोरच्या एका बिजवराशी लग्न होऊन गेलं होतं, आणि बिबिक ग्वातचं म्हणणं असं, की बिजवर मिळाला म्हणजे मनात कुणी नसेलच असं नाही.

कान मात्र खोटा नव्हता. तो तिच्या सासूने तयार केला होता. सासू पलीकडच्या खोलीत पत्ते खेळत बसायची आणि घाव चुकला की तिथूनच ओरडायची. फार चुकला तर उठून यायची, आणि येताना हातात पळी असायची. वीस वर्षं अशी शाळा झाल्यावर दगडालाही कान फुटले असते.

मग एके दिवशी मधल्या चौकातल्या शेवाळावरून बिबिक ग्वातचा पाय घसरला आणि ती उजव्या खांद्यावर पडली. हाडवैद्याने काळा लेप लावून पट्टी बांधली. हाड जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना. केस विंचरायचे तर मान वाकवून डोकंच हाताकडे न्यावं लागे. बत्ता उचलण्याची तर गोष्टच सोडा.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बायांनो, खांदा गेला, आता जमत नाही. पण दुसरीच्या कानाला तेंगकेराने एवढं डोक्यावर घेतलं नव्हतं. जिला स्वतःला कुटता येत नाही तिने दुसऱ्यांच्या मुलींचं कुटणं कुठल्या तोंडाने तोलायचं? शिवाय सासऱ्यांच्या श्राद्धाचं जेवण तोंडावर आलं होतं, आणि त्या दिवशी सगळा गोतावळा तिच्या हातचा रंपा खायला यायचा. सासऱ्यांसाठी कुणी येत नव्हतं.

बाजाराच्या कोपऱ्यावर सीनीमामा बसायचा. तमिळ मुसलमान, पांढरी टोपी, समोर भलामोठा पाटा. त्याच्याकडे ओल्या मसाल्याचे रंगीत डोंगर रचलेले असत, आणि गिऱ्हाईक सांगेल तसा तो त्यातून थोडं थोडं घेऊन केळीच्या पानात बांधून देई. त्याच्याकडे कोण जायचं? आळशी बायका, नोकरीवाल्या बायका आणि ज्यांच्या घरात सासू उरली नाही अशा बायका. 'मामाकडून मसाला आणणारीने नवराही मामाकडूनच बांधून आणावा,' हे वाक्य तेंगकेरात सगळ्यांना पाठ होतं. ते बिबिक ग्वातचंच होतं.

त्या सकाळी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"किती माणसांचा, न्योन्या?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठी नाही. शेजारणीला हवाय."

"बरं. शेजारणीच्या घरी किती माणसं?"

तिने माणसं सांगितली. मग गवती चहा जरा जास्त, बलाचान नीट भाजलेलं, दाणे कमी, असंही सांगितलं. शेजारणीच्या आवडीनिवडी तिला इतक्या बारकाईने ठाऊक आहेत याचं सीनीमामाला नवल वाटलं असेल, पण त्याने ते दाखवलं नाही. अशा शेजारणी असलेल्या पुष्कळ बायका त्याच्याकडे येत.

पुडा टोपलीत भाजीच्या खाली दडवून घरी आणला. आणि मग खरी अडचण लक्षात आली. रंपा आला, आवाजाचं काय?

तिच्या स्वयंपाकघराची भिंत आणि शेजारच्या बिबिक च्वीच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. बिबिक च्वी रोज सकाळी त्या आवाजावर आपला भात चुलीवर चढवायची. एक दिवस आवाज आला नसता तर ती 'ग्वात मेली की काय' म्हणून बघायला आली असती, आणि जिवंत बघून तिची जास्त निराशा झाली असती.

बिबिक ग्वातने डोकं लढवलं. जिला आवाज ऐकून मसाला ओळखता येतो, तिला मसाल्याशिवाय आवाज काढता येणार नाही? आधी नारळाच्या करवंटीचे तुकडे खलात टाकायचे, त्याचा आवाज लंकुआससारखा कडक. मग नारळाची ओली शेंडी, त्याने घाव जाड पडतो, हळद-मिरचीसारखा. शेवटी भिजवलेलं फडकं, म्हणजे थेट कांदा. सगळं डाव्या हाताने, कमरेच्या जोरावर, बत्ता फार न उचलता. डावा हात लवकर दमायचा. मग ती मध्ये थांबायची, बत्त्याला अडकलेले शेंडीचे धागे झाडायला तो खलाच्या काठावर तीनदा हलकेच आपटायची, टक टक टक, आणि पुन्हा सुरू. सरतेशेवटी ओल्या हळदीचा तुकडा नखांवर घासायचा. रंपा कुटणारीची नखं पिवळी असतात, हे तेंगकेरात लहान पोरालाही ठाऊक.

श्राद्धाचं जेवण झालं. पाहुण्यांनी बोटं चाटली. तिचा मुलगा बून टेक दुसऱ्यांदा भात घेत म्हणाला, "मक, हल्ली तुझा रंपा पूर्वीपेक्षा चांगला होतो."

तिच्या घशात घास अडकला. बायकांना वाटलं, मुलाच्या कौतुकाने भरून आलं.

हा बून टेक हीच पुढे तिची काळजी झाली. रबराच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस, शांत, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. लग्नाचं वय झालं होतं, आणि मागोमाग उलटायलाही लागलं होतं. पण सून आणायची म्हणजे ती पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात येणार. येणार म्हणजे खलात बघणार. खलात करवंटी दिसणार, टोपलीत पुडा दिसणार, आणि सगळं पितळ उघडं पडणार. इतरांच्या सुनांना नापास करताना बिबिक ग्वातला थोडा विचार तरी करावा लागे. स्वतःच्या सुनांना नापास करताना तोही लागेना.

एकीचा हात जड. एकीचा हलका. एकीचा हात ना जड ना हलका, म्हणजे मुलीला स्वतःचं मत नाही. एकीचं काहीच चुकलं नाही, तेव्हा ती म्हणाली, इतकं बिनचूक कुटते ती मुलगी आतल्या गाठीची असणार. एवढ्या वेळात बून टेकच्या कपाळाने डोक्यावर बरीच जागा बळकावली. रस्त्यावरच्या बायका म्हणत, आईचा कान एवढा तीक्ष्ण, बिचाऱ्याच्या नशिबात संन्यासच.

अखेर बून टेकने स्वतःच नाव काढलं. पो गेक. बिबिक च्वीची भाची, भिंतीपलीकडचीच. आईबाप मुआरला, ही लहानपणापासून मावशीकडे राहिलेली. आता कॉन्व्हेंट शाळेत मुलींना पियानो शिकवायची आणि सायकलवरून जायची.

"सायकल," बिबिक ग्वात एवढंच म्हणाली.

"मक, तू ऐकून ये," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर नाही. पण या वेळी नीट ऐक."

तिने नीट ऐकायचं कबूल केलं. निकाल तयारच होता, फक्त कारण तेवढं ऐकून यायचं होतं. दिवसभर पियानो बडवणारी मुलगी, तिला बत्त्याचं काय कळणार? चूक पहिल्या दहा घावांत सापडेल. सापडली नाही तर पियानोचीच चूक काढता येईल.

ठरल्या दिवशी ती नवा कबाया घालून शेजारी गेली. बरोबर रस्त्यावरच्या दोन जाणत्या बायका होत्या, म्हणजे निकाल संध्याकाळपर्यंत आपोआप सगळीकडे पोचला असता. बिबिक च्वीने चहा दिला, विड्याचं तबक पुढे केलं. मागून आवाज सुरू झाला.

जाणत्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पंखे थांबले. घाव कसा पडत होता म्हणाल, तर एकसारखा, दमदार, ना घाई ना आळस. कडक, कडक, मग हळूहळू जाड होत जाणारा. एक जाणती डोळे मिटून मान डोलावू लागली.

बिबिक ग्वातही डोळे मिटून होती. तिला काहीतरी खटकत होतं. लंकुआस कुटताना त्याचा चिवट धागा बत्त्याला धरून ठेवतो, घाव उचलताना जरासा अडतो. हा अडत नव्हता. हा ठणकन पडून टणकन उठत होता. आणि मग तिला कळलं. हे लंकुआस नव्हेच. ही करवंटी आहे.

तिला इतका आनंद झाला की विडा गिळला जायचा राहिला. मुलगी रिकामा खल कुटत होती! असली लबाडी तर तिने जन्मात पकडली नव्हती. आता कारण शोधायची गरज नाही, पियानोला मध्ये आणायची गरज नाही. मागे जाऊन खल उचलून आणायचा आणि सगळ्यांच्या समोर उपडा करायचा. तिने खुर्चीच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली.

तेवढ्यात आवाज थांबला. एक श्वास जाईल एवढाच. आणि मग खलाच्या काठावर हलकेच, टक टक टक.

बिबिक ग्वात अर्धवट उठलेली होती, ती तशीच खाली बसली.

हा थांबा तिचा होता. ही तीन टक टक तिची होती. आत जी कुणी बसली होती तिचे दोन्ही खांदे धडधाकट होते, तिला थांबायचं काही कारण नव्हतं. तिच्या करवंटीनंतर शेंडी येणार, शेंडीनंतर फडकं, हे बिबिक ग्वातला आता न ऐकताच कळत होतं. भिंतीपलीकडे लहानाची मोठी झालेली ती मुलगी तिचीच रोजची सकाळ, एक घाव इकडचा तिकडे न करता, तिला वाजवून दाखवत होती.

"ग्वात, बोल की," बिबिक च्वी म्हणाली. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "मी तर म्हणते, डोळे मिटले तर वाटेल तूच बसलीयेस आत. रोज भिंतीतून ऐकते ना मी. अगदी तुझाच हात."

"अगदी तिचाच," पहिली जाणती म्हणाली.

"फरक काढून दाखवावा कुणीही," दुसरी म्हणाली.

आपलेच दात, आपलेच ओठ. खल रिकामा आहे म्हणावं, तर तुला कसं कळलं, असा पहिला प्रश्न येणार. इतक्या वर्षांत असा आवाज कुठे ऐकलास, असा दुसरा. आणि तिसरा प्रश्न यायच्या आधी बिबिक च्वी भिंतीकडे बघणार. मूर्ख होती, पण तेवढी नाही.

"हात," बिबिक ग्वात म्हणाली आणि तिने विडा गिळला. "हात बसलाय."

त्यानंतर पो गेक चहा घेऊन आली. जाणत्या बायका मावशीशी तारखेचं बोलू लागल्या होत्या. बिबिक ग्वातने पेला घेता घेता मुलीचा हात उलटा करून पाहिला. नखं छान पिवळी. तळवा गोऱ्या कणकेसारखा स्वच्छ.

"कुणी शिकवलं?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"भिंतीने," पो गेक तितक्याच हळू म्हणाली. "खरा रंपा रोज वेगळा वाजतो, बिबिक. मिरची कधी ओली असते, कधी सुकी. तुमचा रोज एकच वाजायचा. मला लहानपणी वाटायचं, तबकडी लावलीये."

"आणि मसाला?"

"सीनीमामा. मी म्हटलं, शेजारणीला देता तोच द्या."

बिबिक ग्वातने मुलीचा हात सोडला.

"मी दिवसभर शाळेत उभी असते," मुलगी म्हणाली. "मलाही खांदे दोनच आहेत. चहा घ्या, निवेल."

जेवायला बसल्यावर दोन्ही जाणत्यांनी शपथेवर सांगितलं, की चवसुद्धा हुबेहूब ग्वातच्या हातची आहे. असा योग शंभर लग्नांत एकदा येतो म्हणे.

लग्न झालं. नवी नवरी बारा दिवस पाहुणी म्हणून बसली, तेराव्या दिवशी स्वयंपाकघरात आली. खलातली करवंटी बघून तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली की ही फार झिजलीये, आवाज बोदा येतो, नवी फोडते. सायकल आता फार सोयीची झाली. शाळेच्या वाटेवर बाजार, आणि वह्यांच्या पिशवीत पुडा कुणाला दिसत नाही. सकाळचा खल सुट्टीच्या दिवशी सून वाजवायची, एरवी सासू. बिबिक च्वी सगळ्यांना सांगे, सासूसुनेचा हात इतका जुळलाय की आज कोण कुटतंय ते मला कळत नाही. दोघींत भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती कधी भिंतीच्या वर गेली नाहीत. अळीमिळी गुपचिळी या एका पायावर तेंगकेरातली बरीच घरं उभी होती, हे त्यातल्या त्यात मजबूत.

एकदाच सून म्हणाली, "मक, सांगून टाकू या ना सगळ्यांना. अर्धा रस्ता सीनीमामाकडे जातो. मी रोज बघते, सगळ्या भाजीखाली लपवतात."

बिबिक ग्वात बराच वेळ हळदीचा तुकडा नखांवर घासत राहिली. "आणि ज्यांना मी नापास केलं त्या?" ती म्हणाली. "त्यांच्या आया मला जिवंत ठेवतील?"

मुलींचं काय झालं, हे तिने विचारलं नाही. सुनेनेही नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी गावाबाहेरच्या एका घरी जायचं बोलावणं आलं. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या मुलासाठी तिथली मुलगी ऐकायची होती. बिबिक ग्वातने आता सुनेलाही बरोबर न्यायला सुरुवात केली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या, व्यापाऱ्याची बायको आणि तिची बहीण समोर.

आवाज सुरू झाला, आणि व्यापाऱ्याच्या बायकोच्या कपाळाला आठी पडली. घाव वेडेवाकडे पडत होते. काही कडक, काही मऊ. मध्येच चार घाव घाईचे, मग थांबा, मग खल खरवडल्याचा आवाज. मिरचीचा खकाणा उठला असावा, मुलगी दोनदा खोकली. मग पुन्हा चिवट, अडत अडत, जणू दगड कुणीतरी धरून ठेवतंय. मग कांद्याचा रस उडाला आणि घाव पचकन बसला.

बिबिक ग्वातने डोळे मिटलेलेच ठेवले. लंकुआसचा धागा बत्त्याला धरत होता. हळद आधी नव्हती, नंतर होती, अगदी जिथे हवी तिथे. असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या सासूच्या काळी तिच्या स्वतःच्या खलातून येत होता. तिने डोळे किलकिले करून सुनेकडे पाहिलं. पो गेकलाही कळलं होतं. ती पंख्यावरचं फूल बघत होती.

"काय, बिबिक?" व्यापाऱ्याच्या बायकोने विचारलं. "मला तर ऐकवत नाही. तुमच्या सुनेचा हात ऐकल्यावर हे म्हणजे..."

बिबिक ग्वातने तोंड उघडलं. ही मुलगी उत्तम कुटते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता. मग तुमच्या घरी इतकं सरळ कसं वाजतं?

"हात अजून बसलेला नाही," ती म्हणाली.

"मला वाटलंच," व्यापाऱ्याची बायको म्हणाली.

थोड्या वेळाने मुलगी चहा घेऊन आली. तळवे मनगटापर्यंत पिवळे, मिरचीने लालबुंद झालेले. पेला फार चटकत असावा, तिने तो बोटांच्या टोकांनी धरला होता. बाहेर काय बोलणं झालं ते तिला ऐकू गेलं होतं की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बिबिक ग्वातने तिच्या हाताला हात न लावता पेला घेतला.

परतताना दोघी रिक्षात बसल्या.

"चहा मात्र चांगला होता," बिबिक ग्वात म्हणाली.